स्टोअरकीपरचे नाक

काचगृहांच्या त्या फुलबागेत स्टोअरकीपर हे नाकासमोर चालणारे गृहस्थ म्हणून ओळखले जात. बावीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती. फवारणीचे चौदा मास्क ते स्वतः साबणाच्या कोमट पाण्यात धूत, सावलीत वाळवत, झडपांना चीर नाही ना हे बोटाने चाचपत आणि मग औषधांच्या पिंपांसमोरच्या भिंतीवर, क्रमांक घातलेल्या खिळ्यांना टांगत. प्रत्येक मास्कच्या, हवा गाळणाऱ्या कोळशाच्या दोन डब्या किती वेळ वापरल्या, याची नोंद मिनिटांसकट असे. पाहुण्यांना ती भिंत आवर्जून दाखवली जाई.

त्यांची सून फवारणीच्या कामावर लागली. तिसऱ्याच दिवशी ती पंप ठेवून परतली.

"साहेब," ती म्हणाली. घरी 'बाबा', कामावर 'साहेब' हा नियम तिचाच. "सात नंबरच्या मास्कमधून वास येतोय."

त्यांनी पान उलटले. "जेमतेम तीन तास वापरलाय. वास येणारच नाही."

"रजिस्टरला येत नसेल. मला येतोय, आणि डोकंही गरगरतंय."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुनेला त्यांनी बाहेर मोकळ्या हवेत बसवले, मास्क स्वतः चढवला आणि डब्यांवर तळवे दाबून श्वास ओढला. मास्क गालांना घट्ट चिकटला. फट कुठेच नव्हती. मग, जे करू नये अशी पाटी त्यांनीच लावली होती ते करत, ते उघड्या पिंपावर वाकले.

"बघ! काही नाही."

"आता मास्क काढून हुंगा," ती बाहेरूनच म्हणाली.

त्यांनी हुंगले. पुन्हा हुंगले. बाहेर सुनेला ठसका लागला. त्यांना मात्र काहीच आले नाही.

पिंप बंद करून ते भिंतीकडे पाहत राहिले. चेहऱ्यावरचे तास त्यांनी मोजले होते. खिळ्यावरचे मोजायला रकानाच नव्हता. माणूस घरी गेला तरी उघडा कोळसा या खोलीच्या हवेतले औषध शोषून संपतच होता. आणि भिंतीखालच्या खुर्चीत, बिनमास्कचे, ते स्वतः बावीस वर्षे बसत होते.

संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसही डब्या बाद झाल्या. नव्या डब्यांसह मास्क हवाबंद बरण्यांत, पलीकडच्या कचेरीच्या कपाटात गेले. सात नंबरसमोरचे 'ठीक' त्यांनी पट्टी लावून, सरळ रेघेने खोडले.

"बाबा," दारातून सून म्हणाली, "मास्क बरणीत गेले. तुम्हाला कुठे ठेवायचं?"

कामावर तिने नियम मोडला होता. त्याची नोंद न करता ते खुर्ची उचलून बाहेर आले.