सुईचं शेपूट

त्या इमारतीत काकू पुष्कळ होत्या, पण नुसतं 'काकू' म्हटलं की लोक तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवायचे. गोधडीवाल्या काकू. त्यांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या स्वेटरचा उसवलेला हात त्यांनी शिवून दिला होता, आणि त्या बाईला ते आत बोलावणं आल्यावर कळलं, कारण स्वेटर काकूंच्या पिशवीला टाचला गेला होता. हात रिकामे राहिले की काकूंना आजारी पडल्यासारखं व्हायचं. बोलताना त्या टेबलक्लॉथच्या दशा वळायच्या, फोनवर असताना उशीचा अभ्रा चाचपायच्या. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर जरा विरली की त्यांची नजर त्या शर्टावर अशी फिरायची की तो बिचारा शर्ट अंगातच घाबरत असावा.

नवऱ्याचं गल्लीच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काचेचं कपाट, एक टेबल आणि डोळ्याला लावायचं भिंग. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. "हिला कुणीतरी चावी देऊन ठेवलीय," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "आणि ती उतरवायची कशी ते मला अजून कळलेलं नाही." गिऱ्हाइकं हसायची. काकूंच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस त्यांच्या शर्टांना बटणं लावली नाहीत.

गोधडीच्या बाबतीत मात्र काकू नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांचे दोन कायदे होते. एका वेळी एकच सुई. आणि सुई बिनशेपटाची ठेवायची नाही. काम थांबलं, दिवेलागण झाली, कुणी दारात आलं, काहीही होवो, सुईत दोऱ्याचं शेपूट राहिलंच पाहिजे, म्हणजे पडली तरी ती सापडते. जुन्या कोटाच्या जाड कापडाची एक पट्टी होती, तिच्यात सुया टोचलेल्या आणि प्रत्येकीचं शेपूट खाली लोंबतंय, असा त्यांचा थाट.

मग गेल्या वर्षापासून सुईचं नाक हरवायला लागलं. सुई हातात असायची, नाक नसायचं. चष्मा पुसून झाला, खिडकीत बसून झालं, दोरा ओला करून झाला. दोरा सुईच्या शेजारून निघून जायचा आणि काकू त्याच्याकडे अशा बघायच्या जणू त्यानं मुद्दाम केलंय. पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लेकीला कळलं असतं तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता, "आई, आता पुरे झालं शिवण." आणि शिवण पुरं झालं तर या हातांचं करायचं काय? त्यांना मरणाची भीती तितकीशी वाटत नसे. रिकाम्या दुपारची वाटायची.

म्हणून त्यांनी युक्ती काढली. "अहो, दर वेळी दोरा घालायला थांबते, त्यात फार वेळ जातो. तुम्हीच सगळ्या सुया एकदम ओवून ठेवत जा ना."

"मी घड्याळजी आहे, शिंपी नाही," काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला जाताना ते ती पट्टी खिशात घालून न्यायला लागले. "दुधाच्या रांगेत उभं राहून करायचं काय? तेवढंच काम होतं." परत येताना सगळ्या सुयांना शेपटं. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस, त्याला सुई म्हणजे काय! काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. एका सुईचा दोरा संपला की ती तिथेच गोधडीत टोचून ठेवायची, दुसरी घ्यायची. पहिला कायदा असा गुपचूप मोडला, आणि काकूंनी त्याकडे काणाडोळा केला.

या सुयांनीच त्यांनी नातीची गोधडी पुरी केली. लेकीला मुलगी झाली होती. विहीणबाईंनी दुकानातून आणलेली दुलई कपाटात घडी घालून ठेवली होती. विहीणबाई म्हणजे रुमालालासुद्धा इस्त्री करणाऱ्या. काकूंनी रविवारी गोधडी नेली, तेव्हा त्या पांढऱ्याशुभ्र दुलईकडे बघून त्यांना राहवलं नाही. "विकतच्या वस्तूच्या पोटात काय भरलंय, कुणाला ठाऊक! आमच्या हातच्या गोधडीत काय आहे ते आम्हाला माहीत असतं." विहीणबाईंनी फक्त दुलई कपाटात आणखी आत सरकवली.

मंगळवारी सकाळी काका दूध ठेवून दुकानात गेले, आणि काकूंनी नवं काम काढायला पट्टी हातात घेतली. बोटं पट्टीवरून फिरली आणि थांबली. प्रत्येक सुईची जागा ठरलेली होती, तिचं भोकसुद्धा पडलेलं. एक भोक रिकामं होतं.

काकूंनी पट्टी झटकली. मांडी झटकली. मग त्या जमिनीवर बसल्या आणि तळहातानं फरशी चाचपत सगळी खोली पालथी घातली. शिवणयंत्राचा खण उपसला. गादी उचलली. केरसुणीत बघितलं. आणि केरसुणी हातात धरलेली असतानाच त्यांना आठवलं की पट्टीवरून नीट हात फिरवून काही दिवस झाले होते. रविवारच्या आधीपासून.

कच्चे टाके घालताना आतल्या थरावर पांढरा दोरा, खाली पांढरी चादर, आणि या डोळ्यांना सगळंच पांढरं. एखादी सुई तिथेच टोचून ठेवली आणि वरचा थर शिवून टाकला, असं झालं असेल? नसेल. असेलही. त्यांनी फोन उचलला.

"बाळ कुठे आहे गं?"

"झोपलंय. तुझ्या गोधडीवरच. इतकं छान झोपतं ना आई तिच्यावर."

'सुई' हा शब्द काकूंच्या ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. "तिला जरा मांडीवर घे."

"आत्ता? का?"

"अगं, सारखं खाली निजवलं की डोकं चपटं होतं."

"बरं," लेक म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून ती उठलेली नाही हे काकूंना कळलं.

त्या चपला घालत होत्या तोच काका विसरलेला डबा न्यायला परत आले. घराची अवस्था बघून दारातच थबकले. "काय शोधतेयस?"

"काही नाही. बटण."

काका लगेच वाकले आणि कोचाखालून खरोखरच एक बटण काढून त्यांच्या हातावर ठेवलं. काकूंना ते बटण त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. "तुमच्याकडे लोहचुंबक आहे का?"

"घड्याळजीच्या घरात लोहचुंबक? घड्याळं बिघडतात त्यानं! त्यापेक्षा घराला आग लाव! बटणाला कशाला हवाय लोहचुंबक?"

काकू जिना उतरत होत्या.

बसमध्ये त्यांना जागा मिळाली, पण त्या बसल्या नाहीत. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, लोक सावकाश चढत होते, सुट्या पैशांवरून वाद घालत होते, आणि काकूंच्या डोळ्यांसमोर ती एवढीशी मान, एवढीशी पाठ. त्यांनी स्वतःला शिव्या दिल्या. 'आपल्याला दिसत नाही' एवढं एक वाक्य बोलायला जीभ जड झाली, आणि तिकडे त्या जिवानं कुशी बदलली तर? पदार्थ बिघडला तर टाकून देता येतो, शिवण बिघडलं तर उसवता येतं. हे कशानं भरून काढायचं? पिशवीच्या बंदाला त्यांनी इतके पीळ दिले की उतरेपर्यंत तो तुटला.

लेकीनं दार उघडलं. बाळ गोधडीवरच होतं. लेकीनं नंतर मांडीवर घेतलेलं, पण विहीणबाईंनी पुन्हा नीट निजवलेलं. काकूंनी चपलांसकट आत जाऊन तिला उचललं. तिनं ताबडतोब घर डोक्यावर घेतलं.

"अहो, आत्ता कुठे डोळा लागला होता!" विहीणबाई म्हणाल्या.

"ताई, गोधडी जरा परत नेते. रंग जाईलसं वाटतंय."

"रंग? सगळे जुने धुतलेले कपडे आहेत, असं तुम्हीच म्हणालात ना?"

काकूंनी बाळाला लेकीकडे दिलं, पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या, आणि फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिकचं केळं मुठीत लपवून आणलं. त्याच्या पाठीला लोहचुंबक होता. गोधडी चाचपण्याचं नाटक करत त्या तिच्यावरून केळं फिरवायला लागल्या. चिमूटभर लोहचुंबक आणि पाच पदरी गोधडी. ते कशाला चिकटतंय! त्या दाबून फिरवत राहिल्या, कडेनं, मधून, पुन्हा कडेनं, आणि वर बघितलं तर विहीणबाई हाताची घडी घालून उभ्या.

"तुम्ही आमच्या केळ्यानं गोधडीला इस्त्री का करताय?"

आता मात्र काकूंचा बांध फुटला. "सुई हरवलीय माझी. बहुतेक हिच्यात आहे. मला दिसत नाही हो. वर्ष झालं. दोरा ओवता येत नाही, टाका दिसत नाही, सगळं हातानं चाचपून करते. कुणाला सांगितलं नाही. आणि माझ्या नातीला मी सुईवर झोपवलं. कात्री द्या."

लेकीनं बाळाचे कपडे काढले, पाठ, मान, पाय, सगळं तपासलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. विहीणबाईंनी कात्री आणून दिली. काकूंनी पहिला टाका कापला, मग मात्र त्यांचा हात थांबला नाही. इतक्या महिन्यांचं काम भराभर उसवत गेलं. काकांचा निळा शर्ट सुटला, जुना पडदा सुटला, लेकीचा शाळेतला फ्रॉक सुटला. थोड्या वेळानं विहीणबाई खाली बसल्या, दुसरं टोक ओढून म्हणाल्या, "तुम्ही तिकडून घ्या. मी इकडून येते."

थरामागून थर निघाला. सुई नव्हती. प्रत्येक तुकडा विहीणबाईंनी उजेडात धरून बघितला. नव्हती. काकूंना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. सापडली असती तर जीव भांड्यात पडला असता. आता ती या घरात कुठे पडलीय, पाळण्यात, चटईत, कुणाच्या पायाखाली, कोण सांगणार?

"आई," लेक हळूच म्हणाली, "आता पुरे कर हे शिवण."

ते वाक्य आलंच शेवटी. काकूंनी मान हलवली, सगळे तुकडे पिशवीत कोंबले आणि निघाल्या.

घराकडे जाववेना, म्हणून त्या दुकानात शिरल्या. एक गिऱ्हाईक घड्याळ परत घ्यायला उभं होतं. काका भिंग लावून टेबलावर वाकले होते. काकूंनी टेबलावर हात टेकला आणि "आई गं!" करून उचलला. बोटाला रक्ताचा थेंब. हत्यारं टोचायच्या बुचात एक सुई उभी होती. काकूंनी तिच्यावर अंगठा फिरवला. ती लांबी, तो जाडपणा, त्यांच्या बोटांना कोण फसवणार! शेपूट मात्र नव्हतं.

"ही माझी सुई आहे."

काकांनी भिंग काढलं. ते काहीतरी थाप मारणार होते, पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचार बदलला. "रांगेत नाही ओवत मी. इथे येतो. भिंगाखाली, चिमट्यानं. ही त्या दिवशी काही केल्या ओवली गेली नाही. म्हटलं, उद्या बघू. मग विसरलो."

"भिंगाखालीसुद्धा दिसत नाही?"

"नाही दिसत."

काकूंनी पिशवी टेबलावर उपडी केली. निळा शर्ट, पडदा, फ्रॉक, सगळं त्या उघड्या घड्याळांवर. "हे बघा काय केलंत तुम्ही! सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही मला बटण शोधून देताय!" त्या रडत होत्या आणि ओरडत होत्या. गिऱ्हाईक कपाटातल्या घड्याळांकडे निरखून बघायला लागलं. "एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"घड्याळजीला दिसत नाही म्हटल्यावर घड्याळ कोण देईल?" काका खालच्या आवाजात म्हणाले. "आणि तू तरी कुठे बोललीस!"

काकू आणखी चिडल्या. तेवढ्यात फोन वाजला. लेक विचारत होती, काही लागला का पत्ता? काकूंनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांनी डोळे पुसले. "सापडली. घरातच होती. माझाच वेंधळेपणा."

काकांनी हात पुढे करून फोन घेतला. "तिचा नाही. माझ्याकडे राहिली होती. मलाही दिसत नाही आता." एवढं बोलून त्यांनी समोरचं घड्याळ उचललं आणि न दुरुस्त करताच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं. त्या माणसानं मान डोलावली आणि तो दुकानाची पायरी उतरला. फोनमध्ये बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग विहीणबाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच इस्त्री केलेला. "त्यांना म्हणावं, तुकडे टाकू नका. उद्या येते मी. माझे डोळे ठीक आहेत. फक्त सुया मी मोजून देईन आणि मोजून घेईन."

"आता या मला सुया मोजून देणार!" काकू फणकारल्या. पण त्यांचे हात एव्हाना फ्रॉकवरच्या सुरकुत्या काढत होते.

"ती सुई द्या इकडे."

काकांनी दिली. काकूंनी शर्टाच्या कडेचा एक लांब दोरा ओढून काढला. नाकात घालून बघायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सुईच्या कमरेला त्यांनी तो गुंडाळला, गच्च गाठ मारली, आणि शेपूट खाली लोंबेल अशी ती पुन्हा बुचात टोचून ठेवली.