पळसदेवचा शिक्का

बारामतीत घड्याळं दुरुस्त करणारे इस्माईलभाई चाळीस वर्षं टपाल तिकिटं जमवतायत. तिकिटाला बोट लागलं तरी ते खेकसतात. तरीही आत्याच्या पेटीत सापडलेलं एक जुनं पाकीट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. तिकीट भिजवून सोडवायचं आणि वहीत लावायचं, एवढंच मला ठाऊक. टेबलावर पाण्याची वाटी होतीच. मी पाकीट तिच्यात घालणार, तोच त्यांनी ते हिसकावलं.

"थांब की येड्या!"

डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून त्यांनी पाकीट दिव्याखाली धरलं.

"तिकिटाचं काय? असली ढीगभर हायेत. शिक्का बघ."

मी भिंगातून पाहिलं. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असा काळा गोल शिक्का होता. पळसदेव, १९७५. म्हणजे उजनीचं पाणी यायच्या आधीचं. हा शिक्का जिथं मारला, ते पोस्ट, ती गल्ली, सगळं आता धरणाच्या तळाशी आहे. पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ तेवढं दिसतं.

इस्माईलभाईंनी पाण्याची वाटी उचलून लांब ठेवली.

"एकदा बुडालंय ते गाव," ते म्हणाले. "तू पुन्यांदा बुडवतोस व्हय?"