विजेची पेटी आणि ठकूबाईंचा उजवा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्याकडे नोकरी केली त्या डॉक्टरांना तर नाहीच. कधी सांगायला बसलो तरी भलतंच सांगत सुटायचो — डॉक्टरांचं तट्टू कसं बुजलं, काढा समजून कोण टिंक्चर प्यायला — आणि लोक हसायचे. आजही तेच करावंसं वाटतंय. किती वर्षं असं हसवत राहायचं?

भोरला एका खाजगी डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. संस्थानी काळ. दर बाजाराला डॉक्टर वेल्ह्याला येत आणि देवळाच्या ओसरीवर रोगी तपासत. औषधांची ट्रंक आणि विजेची पेटी घेऊन मी आदल्या दिवशीच पुढे जायचो. पेटी म्हणजे एक शिसवी खोकं, आत लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, बाहेर फिरवायची मूठ. मूठ फिरवली की तारांना जोडलेल्या दोन पितळी दांड्यांत वीज उतरायची. वेल्ह्यात तोवर कुणी विजेचा दिवाही पाहिला नव्हता. त्या पेटीमुळे माझा केवढा मान होता, काय सांगू!

लुळ्या पडलेल्या हातापायाला डॉक्टर ती लावत. त्याआधी परीक्षा. वीज लावल्यावर स्नायू उडाला तर नस जिवंत, हात परत येणार. नाही उडाला तर नस मेली, आशा सोडायची. आणि पेटी रोग्याला लावण्यापूर्वी दांडे मी धरायचे, हा आमचा रिवाज. डॉक्टर मूठ फिरवत, माझे हात झटक्यानं उडत, ते विचारत, "आलं का?" मी म्हणायचो, "आलं." रोग्याची भीती मोडायची आणि पेटी चालू आहे याची खात्रीही व्हायची.

पेटीशी खेळ करायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मी करायचो. बाजाराच्या सकाळी, ते पोचायच्या आधी, कट्ट्यावर आठ-दहा जणांना हातात हात धरून बसवायचं, टोकाच्या दोघांना दांडे द्यायचे आणि मूठ फिरवायची. सगळी रांग एकदम उडायची. त्या दिवशी टोकाला तात्या नावाचा एक म्हातारा होता.

"कंपाउंडर, तात्याला जोरात द्या. म्हातारीनं हाणल्यावानी!" कुणीतरी ओरडलं.

"म्हातारीच्या हातापुढं ही पेटी काय करतीया रं? तू लगीन कर, मंग कळंल," तात्या म्हणाला.

मला जोर चढला. मी इतकी गरागरा फिरवली की तात्या बोंबलत उठला, तारा ताणल्या गेल्या आणि पेटी कट्ट्यावरून दगडावर आदळली. लोक हसत पांगले. मी पेटी देवळामागं नेली, दोन्ही दांडे एकमेकांना लागू न देता एका हातात धरले, दुसऱ्या हातानं मूठ फिरवून पाहिली. काही नाही. साध्या मुंग्यासुद्धा आल्या नाहीत.

तासाभरात डॉक्टर आले. पहिलीच रोगी ठकूबाई. वीस-बावीस वर्षांची, कष्टानं काटक झालेली. तीन आठवड्यांपूर्वी तिचं तापलेलं पोर रात्रभर तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपलं होतं. ते जागं होईल म्हणून तिनं हात काढला नाही. सकाळी उजवा पंजा मनगटातून लोंबत होता. बरोबर नवरा होता, आणि सासू, पोराला कडेवर घेऊन.

नवरा म्हणाला, "लावणी तोंडावर आलीया, डाक्तरसाहेब. हात येनार का न्हाई, येवढंच सांगा. येनार नसंल तर मला दुसरी बघाया लागंल."

तिच्या देखत म्हणाला. ती माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं की पेटीकडं?

डॉक्टरांनी दांडे माझ्या हातात दिले. मूठ फिरवली. मला काहीही जाणवलं नाही — आणि मी हात उडवले. चांगले उडवले, खांद्यापासून. "आलं का?" "आलं, साहेब."

हाच तो क्षण. याच्या अलीकडे-पलीकडे मी इतकी वर्षं घुटमळतोय.

एरवी डॉक्टर चांगल्या हातालाही वीज लावून ताडून बघत. त्या दिवशी ओसरीखाली रांग होती, आणि माझा हात उडालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. ठकूबाईचा पंजा तसाच लोंबत राहिला. "काय बी लागंना," ती म्हणाली. तिला वाटलं असेल, न दुखणं ही चांगलीच गोष्ट आहे. डॉक्टरांनी मान हलवली. नस मेली, म्हणाले. आठवड्याच्या आत नवऱ्यानं तिला पानशेतच्या अंगाला माहेरी नेऊन सोडलं. पोर ठेवून घेतलं.

भोरला येऊन मी पेटी उघडली. एक तार तुटली होती, बस्स. तांबटानं कथलाचा डाग देऊन जोडली. पुढच्या बाजाराला पेटी ठणठणीत. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का? त्या बाईला पुन्हा बोलवा, एवढं तरी? नोकरी जाईल असं वाटलं. खरं तर नोकरीपेक्षा तो कट्ट्यावरचा मान जाईल असं वाटलं.

दसऱ्याच्या सुमारास ती आली, बाजाराच्या आदल्या दिवशी, मी एकटा असताना. हात पूर्ण बरा झालेला. त्याच हातानं तिनं दोन काकड्या माझ्यापुढं ठेवल्या.

"दादा, मेलेला हात जित्ता हुतो का? सासरची म्हनत्यात, म्या लावणी चुकवाया सोंग केलं. मेला व्हता तर आला कसा, म्हनत्यात. डाक्तरास्नी सांगून येक कागूद द्या. दुसरी आनली तर आनंना का. माजं पोरगं तिकडं हाय."

मी म्हटलं, उद्या गर्दी असेल, मीच विचारून ठेवतो, पुढच्या खेपेला असंच आदल्या दिवशी ये. काकड्या घेतल्या. डॉक्टरांना काही विचारलं नाही. ती पुढच्या खेपेला आली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला सांगितलं — हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहितो — मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, पेटी चुकत नाही."

म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे सासरच्यांच्या लेखी ती सोंगाडी ठरली. डॉक्टरांच्या नावानं, माझ्या तोंडून.

ती भांडली नाही. "बरं दादा," म्हणाली आणि गेली. मूल तिला मिळालं नाही, हे मला नंतर बाजारातच कळलं. सासू त्याला शिकवायची म्हणे, तुझी आय कामचुकार, तुला टाकून गेली.

सात-आठ वर्षांनी, नोकरी सुटल्यावर, मी मुद्दाम वेल्ह्याच्या बाजाराला गेलो. करवंदांची पाटी घेऊन ती बसली होती. वाटेत दोन दिवस मी वाक्य जुळवलं होतं. पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तिनं मला ओळखलं नाही.

"किती देऊ, बाबा?"

"दोन मापं," मी म्हणालो. तिनं पानात बांधून दिली. मागं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी बाजूला झालो, तिथून चालू लागलो, आणि थेट खिंडीपर्यंत थांबलो नाही.

म्हणायचं होतं ते एवढंच : ठकूबाई, त्या दिवशी पेटी बंद होती, आणि मला ते माहीत होतं. तुम्ही सोंग केलं नाही, मी केलं.