उल्काची उखळी तोफ

उल्का खांबेटेचं काम दुसऱ्यांची ड्रॉइंग नापास करण्याचं होतं. जर्मनीत त्सुफेनहाउझेनमधल्या एका छोट्या कंपनीत ती इंजिनाच्या भागांवर येणारा ताण कॉम्प्युटरवर तपासायची. अकरा वर्षांत तिने स्वतःच्या हाताने साधा बोल्टही घडवला नव्हता आणि ते तिला टोचायला लागलं होतं.

म्हणून २०१४ साली, सणासुदीला नुसत्या आवाजाचे बार काढणाऱ्या, ती राहायची त्या गावातल्या फेराइनने, म्हणजे हौशी मंडळाने, जुन्या उखळी तोफेची छोटी प्रतिकृती करायचं ठरवलं, तेव्हा ड्रॉइंग मी करते, असं ती बोलून गेली. लेथही तिनेच चालवला. निवृत्त टर्नर बॉयर्ले शेजारी उभे राहून शिकवायचे. शनिवार-रविवार तिकडेच जायला लागले. नवरा कुमार वैतागला, पण डबा भरून देत राहिला.

तोफ झाली. गुडघ्याएवढी, सुबक. आता ती बेशुसआम्टमध्ये, म्हणजे बार काढून तपासणाऱ्या आणि शिक्का मारणाऱ्या सरकारी ऑफिसात न्यायची होती. तारीख मिळाली आणि उल्काचं चित्त थाऱ्यावर राहीना. दारू भरायच्या कोठीतला तळाचा कोपरा ड्रॉइंगप्रमाणे गोल झाला नव्हता, आणि टोकदार कोपऱ्यात ताण साठून तिथून तडा जाऊ शकतो. तिचा हात चुकला होता. भिंत जाड आहे, काही होत नाही, असं बॉयर्ले म्हणाले. तिने तीनदा हिशेब केला, आकडेही तेच सांगत होते. तरी ती जेवता जेवता मध्येच उठायची, फाइल उघडायची.

"आई, वास इस्ट लोस?" मुलीने, ईप्सिताने विचारलं, काय झालंय म्हणून.

काही नाही, म्हणून ती पुन्हा उठली.

चाचणीच्या सकाळी तोफ डिकीत होती आणि बॉयर्ले गाडी चालवत होते. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "गाडी वळवा. हे काम दुसऱ्या कुणाचं असतं, तर मी पास केलं नसतं."

पुढच्या आउसफार्टला, म्हणजे हायवेवरून उतरायच्या फाट्याला, बॉयर्लेंनी गाडी वळवली.

त्या वर्षीचा उत्सव तोफेविना झाला. फेराइनमधले काही जण तिच्याशी तुटक वागले. तिने तोफ उभी कापली आणि भिंगातून कोपरा पाहिला. कुठेही तडा नव्हता.

"पास झाली असती," बॉयर्ले म्हणाले.

"झालीही असती," ती म्हणाली आणि नव्या पोलादाची चौकशी करायला लागली.

दुसऱ्या तोफेवर पुढच्या मार्चमध्ये शिक्का बसला. मे महिन्यात पहिला बार उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारानंतर नियमाप्रमाणे थांबायची पाच मिनिटं उल्काला काढवेनात. ती दोरीमागे येरझाऱ्या घालत राहिली आणि वेळ होताच टॉर्च घेऊन नळीत डोकावली. आत काजळी होती, बाकी काही नाही. तिने रुमालाने हात पुसले आणि दुसरा बार भरायला सांगितलं.