गोराईच्या खाडीला आमचा हातभार

बोरीवलीच्या जेट्टीवर पोचतो न पोचतो तोच बॅनरवरून जुंपली. अंधेरी, घाटकोपर, आमची बोरीवली आणि मुलुंड, अशा सोसायट्यांची मिळून ही ‘संयुक्त खाडी संरक्षण समिती’. मुलुंडचं नाव शेवटी आलं म्हणून तिथले साने रुसले. शेवटी बॅनर गुंडाळूनच आम्ही फेरीबोटीत चढलो.

प्रत्येकाकडे फाइल होती आणि एक पिशवीही. माझी शेजारच्या नलूकाकूंनी दिलेली, हिरवी, लाल दोऱ्यानं बांधलेली. “खाडीवर चाललायस ना? मग एवढं निर्माल्य सोड रे. देवाचं कचऱ्यात कसं टाकायचं?” बोट मध्यावर आली तशा सगळ्यांनी पिशव्या पाण्यात सोडल्या आणि हात जोडले. चर्चा नाही, ठराव नाही. समितीचं असं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं!

जेवण गोराईच्या अ‍ॅग्नेसबाईंकडे होतं. त्यांचा नवरा डोल (खाडीत बांधून ठेवायचं जाळं) लावतो आणि मिळेल ती मासळी रांधून बाई पाहुण्यांना वाढतात. घर त्यावरच चालतं. अंगणात आमचं प्रादेशिक सहकार्यावर भाषण चाललेलं आणि आतून वाटणाचा असा घमघमाट येत होता की साने रुसवा विसरले.

तेवढ्यात नवरा आला आणि त्यानं टोपली ओतली. झेंडू, हार, पिशव्या, तळाला मूठभर कोळंबी. “रोजचंच हाय. आज जरा जास्तच.”

अ‍ॅग्नेसबाई मटकन पायरीवर बसल्या. “वाट लागली! आता वाढू काय या मानसांना? उद्या कोन येल माझ्याकडे जेवायला?”

लाल दोऱ्याची हिरवी पिशवी मी लगेच ओळखली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मासळीच्या मसाल्यातला बटाट्याचा रस्सा ओरपून समितीनं प्रदूषणाचा तीव्र निषेध केला.

निघताना बाईंनी ती हिरवी पिशवी धुऊन, सगळी फुलं तिच्यात भरून पुढे केली. “देवाचं हाय. आमी उकिरड्यावर नाय टाकत. घेऊन जा.” परतीच्या बोटीत ती कुणाच्या हद्दीत येते यावर बराच खल झाला आणि बोरीवली जवळ म्हणून माझ्या गळ्यात पडली.

लिफ्टपाशीच नलूकाकू भेटल्या. “अरे, सोडायचं राहिलं वाटतं? दे इकडे. उद्या भाचा वर्सोव्याला जातोय.”

“सोडलं होतं काकू. ज्यांच्याकडे जेवायला गेलो, त्यांच्याच जाळ्यात आलं.”

“अरे देवा! म्हणजे माझं निर्माल्य घेऊन तू मासे खाल्लेस?”

“नाही हो काकू,” मी पिशवी घट्ट धरली. “मासे मिळालेच नाहीत.”