खराडीतली खमंग काकडी

खराडीच्या एका मोठ्या सोसायटीत नाताळाआधीच्या शनिवारी तिथली परदेशी कुटुंबं बाजार भरवतात. प्रत्येक देशाचं एक टेबल. तिथल्या एका बाईंना मी मराठी शिकवते. भारताचं टेबल त्यांनी आम्हा तिघी मैत्रिणींना मिळवून दिलं.

"आपल्याच गावात परदेशवारी, आणि तीही बसच्या तिकिटात," माझी नारायण पेठेतली शेजारीण म्हणाली. मला मात्र हौस होती. मिरवायची हौस, दुसरं काय! भल्या सकाळी उठून डबाभर खमंग काकडी केली.

त्या बाईंच्या सहा वर्षांच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चुकून पोटात गेला तर श्वास कोंडतो. म्हणून पहिल्याच तासाला त्यांनी माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: 'यात शेंगदाणे आहेत का?' नमस्कार वगैरे त्या नंतर शिकल्या.

दुपारी मुलीचा हात धरून त्या आमच्या टेबलाशी आल्या आणि हेच वाक्य त्यांनी मला विचारलं. ण अगदी स्वच्छ. मी पडले मास्तरीण, उच्चाराच्या कौतुकातच रमले.

"नाही हो," मी म्हणाले. "काकडी, दही, ओलं खोबरं, बस्स."

आमच्या टेबलावर मुलीच्या ओळखीची एकच गोष्ट होती, काकडी. तिने द्रोण भरून घेतला आणि दोघी गर्दीत गेल्या.

मी खोटं बोलले नव्हते. हे आजही सांगावंसं वाटतं आणि सांगताना लाज वाटते. आमच्या घरात दाण्याचं कूट कुणी वेगळं मोजत नाही. कोशिंबीर म्हटली की हात आपोआप त्या बरणीकडे जातो, जसा मिठाकडे जातो.

आमची तिसरी मैत्रीण जुन्या धायरीतली. तिने चमचाभर काकडी तोंडात टाकली. "कूट लई झ्याक भाजलंय गं. एकदम खमंग हाय."

माझ्या हातातला डाव खाली पडला.

मी धावत सुटले. मेणबत्त्यांचं टेबल, लोकरी मोज्यांचं टेबल, बिस्किटांसमोर लागलेली रांग. प्रत्येक टेबलाशी एखादं सोनेरी केसांचं पोर दिसे आणि ते दुसरंच निघे. कुणाला काय विचारायचं तेही सुचेना. एका बाईला धक्का लागला, तिच्या हातातला कप सांडला, मी थांबले नाही. माझ्यामुळे एक पोर मरणार, एवढंच डोक्यात होतं.

कागदी कंदिलांच्या टेबलापाशी त्या दोघी सापडल्या. द्रोण अर्धा रिकामा होता. मुलगी खोकत होती आणि मानेवर लाल चट्टे उठले होते.

"आहेत! शेंगदाणे आहेत!" मी ओरडले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पर्समध्ये अशा वेळेसाठी ठेवलेलं इंजेक्शन काढलं, मला पोरीचा पाय घट्ट धरायला लावला आणि मांडीत टोचलं. ओठ सुजलेले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. मागून शेजारणीचा आवाज आला, "कुणीतरी गाडी काढा. प्रश्न नंतर विचारा."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिने?"

शेजारीण पटकन म्हणाली, "बाजारातलंच काहीतरी." मला वाचवायला म्हणाली. क्षणभर वाटलं, राहू दे तसंच. एवढ्या टेबलांत कोण शोधायला जाणार?

"दाण्याचं कूट," मी म्हणाले. "माझ्या कोशिंबिरीतलं. यांनी विचारलं होतं, मी 'नाही' म्हणाले."

डॉक्टर आत गेले. दोन तास आम्ही बाकावर बसून होतो. मग नर्सने येऊन सांगितलं की श्वास आता नीट चालू आहे, तरी उद्यापर्यंत इथेच ठेवू. मला तिथेच रडू कोसळलं.

बाई आत जायला उठल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "चुकले मी. माफ करा."

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले.

"मी सगळ्या टेबलांवर विचारलं," त्या मराठीत म्हणाल्या. "सगळे 'नाही' म्हणाले. तरी मी घेतलं नाही. फक्त तुमच्याकडे घेतलं."