पाठ धरली, गवत वाढलं

माझी पाठ मी स्वतःच्या हट्टाने मोडून घेतली, हे आधीच कबूल करतो. त्यात बनारसचा काही दोष नाही, गवताचा तर नाहीच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बदली होऊन आम्ही दोघं बनारसला आलो होतो आणि छावणीच्या बाजूला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. क्वार्टरपुढे चांगलं ऐसपैस लॉन. सांगलीला आमच्या घरापुढे दीड हात ओटा होता आणि ओट्याला लागून गटार, त्यामुळे दारातली हिरवळ मला भलतीच चढली. बायको म्हणायची, "अहो, एखादा माळी बघा." मी म्हणायचो, "माणसाने आपली दाढी आणि आपलं गवत आपणच कापावं." त्या वयात मला अशी वाक्यं सुचायची आणि ती मोठ्याने म्हणायचा धीरही होता.

गवत कापायचं यंत्र आधीचे साहेब मागे सोडून गेले होते. पुढे फिरती पाती, मागे लोखंडी रूळ आणि दोन हातांनी ढकलायचा दांडा. ते सोडून का गेले असावेत, हा विचार मी करायला हवा होता. यंत्र बैलासारखं जड आणि दांडा इतका आखूड की माझ्यासारख्या सहा फुटी माणसाने ढकलायचं म्हणजे जमिनीला नमस्कार करत चालायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात व्हायचं ते झालं. तिथला सावन लागला होता. आमच्या सांगलीच्या कॅलेंडरात अजून आषाढच होता. ओलं गवत कापू नये, एवढी साधी अक्कल नव्हती. पात्यात गवताचा बोळा अडकला, मी तो ओढायला वाकलो आणि कमरेच्या वर काहीतरी कट्‌कन वाजलं. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी गवतात पालथा पडलो होतो. बायको दारातून म्हणाली, "काय हरवलं?"

डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपायला सांगितलं. पुढे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बसायचं तेही जेवणापुरतं. "ऐकलं नाहीत तर ऑपरेशन," असंही वर म्हणाले. मी पुढच्या खोलीत जमिनीवर फळी टाकून आडवा झालो, आणि खिडकीबाहेर गवत वाढायला लागलं. पावसाळ्यातलं गवत कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. आठ दिवसांत ते पोटरीपर्यंत आलं. समोरच्या बाईंना त्यात सापाची कात दिसली आणि त्यांनी ती बातमी सगळ्या कॉलनीत पोचवली. मी फळीवर पडून चिडचिड करायचो. चहा गार आहे म्हणून चिडायचो, आणि चहा गरम असला तर त्याच्यावरही.

नवव्या दिवशी सकाळी बाहेर यंत्राचा खडखडाट ऐकू आला. मला मान वळवता येत नव्हती. मी ओरडलो, "कोण आहे?"

"चाचा आहेत," बायको म्हणाली. "गवत कापतायत. मी सांगितलं नव्हतं हो, आपणहून आले."

चाचा म्हणजे कॉलनीच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत राहणारे एक म्हातारे गृहस्थ. पंपावरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. घरी एक गाय होती आणि तिच्यासाठी विळा घेऊन कॉलनीभर गवत काढत फिरायचे. आमच्याशी ओळख रामरामपुरतीच. त्या दिवशी त्यांनी अर्धं लॉन कापलं, उरलेलं दुसऱ्या दिवशी, आणि कापलेलं गवत गाठोड्यात बांधून गायीला नेलं. बायकोने पैसे पुढे केले तर दोन पावलं मागे सरले. चहा दिला तर हात जोडले. तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत कण्हेरीची चार फुलं आली. आमच्या दारावरून जाताना ते चपला हातात घेतात, असंही बायकोने सांगितलं. मी म्हटलं, बनारसचे लोक खरंच किती भले! माझा दुखण्यावरचा राग थोडा निवळला.

भलेपणाचं कारण कळलं ते आणखी चार दिवसांनी. दुपारी चाचा खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, बीच में टोकत हईं, माफी। पाठ में हमरे गइया क नाम भी ले लीजिएगा। दो बार बियाई, दोनों बार बछड़ा गया। भादों में फिर बियाएगी।"

पाठ? मी छताकडे बघत राहिलो. नकार द्यायचा तर आधी काय चाललंय ते कळायला हवं. तेवढ्यात पाठीतून एक कळ गेली, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "हाँ, हाँ।" चाचांनी खिडकीच्या चौकटीला डोकं टेकवलं आणि ते गेले.

मी बायकोला हाक मारली. "तू चाचांना नक्की काय सांगितलंस?"

ती आठवून आठवून सांगायला लागली. साहेब दिसत नाहीत, असं त्यांनी फाटकाशी विचारलं. हिने आपल्या सांगलीच्या हिंदीत सांगितलं, "साहब की पाठ पकड़ी है।" पाठ धरली आहे, याचं तिने शब्दाला शब्द लावून केलेलं भाषांतर. चाचांनी विचारलं, पूरा पाठ? ही म्हणाली, हाँ, पूरी की पूरी. किती दिवस? इक्कीस दिन. उठना मना, नीचे लकड़ी पर ही सोना, और झुकना तो बिलकुल नहीं.

तिकडे पाठीला पीठ म्हणतात, आणि पाठ म्हणजे पोथीचा पाठ, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, पण दुखणं घरात असलं की माणूस आपल्याच भाषेत घाबरतो. शिवाय चाचांनी उभा जन्म बनारसच्याच पंचगंगा घाटाकडच्या वेदपाठी मराठी ब्राह्मणांना पाहिलेलं. मराठी माणूस, एकवीस दिवस, फळीवर झोप, कुणापुढे वाकणं नाही. त्यांना शंका येणार कशावरून?

बायको आधी हसली, मग पदर तोंडाला लावून हसली. गायीचं सांगितलं तेव्हा मात्र पदर सोडून फळीशेजारी बसली.

"तू जाऊन सांग त्यांना," मी म्हटलं.

"मी का? मी फक्त पाठ म्हणाले. 'हो' तुम्ही म्हणालात."

पुढचे दिवस मी पाठदुखीपेक्षा त्या गायीने जास्त हैराण झालो. कधी न पाहिलेल्या गायीची मला धास्ती लागली. ही तिसरी वेळ. वासरू जगलं तर म्हातारा माझे पाय धरणार, आणि गेलं तर आपल्या नशिबाला दोष देत गप्प बसणार. मला काही बोलणार नाही, हेच वाईट. बाहेर रोज यंत्र खडखडायचं, आणि त्या आवाजाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. साठी उलटलेला माणूस उन्हात माझं गवत कापतोय आणि मी सावलीत लोळत त्याला फसवतोय. खरं सांगितलं की गवत कापणाराही जाणार आणि मानही जाणार, म्हणून मी ते सगळे दिवस तसेच काढले. हेही कबूल करायला हवं.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी कमरेचा पट्टा बांधून उभं केलं. चालायला परवानगी मिळाल्यावर मी पहिल्यांदा गेलो तो भिंतीपलीकडे. बायको बरोबर होती. पाच मिनिटांची वाट, मला वीस मिनिटं लागली.

गाय पांढरी, पोट जमिनीकडे उतरलेलं. चाचा तिच्या अंगावरचे गोचीड काढत होते. मला बघून लगबगीने खाट झटकायला लागले. मी म्हटलं, "चाचा, बसता नाही येत मला. तेच सांगायला आलोय," आणि मग भान येऊन हिंदीत सांगितलं. पाठ म्हणजे आमच्यात पीठ. माझी पीठ धरली होती. मी कसलाही पाठ केला नाही. तुम्ही गायीचं म्हणालात तेव्हा मी हो म्हणालो, ते खोटं होतं.

चाचांनी हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीला लावला. "ई वाला?"

"ई वाला."

"एक्को दिन पाठ नाहीं?"

"एकही दिवस नाही."

ते गायीकडे वळले. बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. चेहरा उतरला होता, मला तो बघवत नव्हता. बायको रडवेली होऊन म्हणाली, "गलती मेरी है चाचा, मेरी हिंदी..." त्यांनी तिला हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात थोडा राग होता, जो माझ्या हक्काचा होता.

"गइया क अबहीं बारह-चौदह दिन हौ," ते म्हणाले. "पीठ खराब हौ, मुँह त ठीक हौ न?"

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली.

"कल से करिए। हम आइब।"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते आले. मी आंघोळ करून व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिलो आणि लहानपणी दिव्यापुढे बसवून घोकून घेतलेलं एक स्तोत्र म्हणायला लागलो. वीस वर्षांत तोंडाला लागलेलं नव्हतं. अधूनमधून गळायचं, मग आतून बायको पुढचा शब्द पुरवायची. स्तोत्र सात मिनिटांत संपायचं आणि अर्ध्या लॉनला अर्धा तास लागायचा. मी थांबलो की यंत्रही थांबायचं आणि चाचा मान वर करून बघायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी केविलवाणा होऊन आत बघितलं तर बायको दबक्या आवाजात म्हणाली, "पाढे म्हणायला लागलात तर मी बाहेर येऊन सांगेन हं." मी पाढ्यांचाच विचार करत होतो.

मधल्या वेळी ते मला गवत कापणं शिकवायचे, तोंडी. गवत ओलं असलं तर हात लावायचा नाही. रोज थोडं कापायचं, वाढू द्यायचंच नाही. पात्यात काही अडकलं तर काठीने काढायचं. यंत्र पायांनी ढकलायचं, कमरेने नाही. "मसीन नाटी हौ, आप लंबा," असं म्हणून एक दिवस त्यांनी दांड्याला दोन बाजूंनी बांबू बांधून तो माझ्या छातीपर्यंत उंच केला. मी नुसता धरून बघितला. पाठ ताठ राहिली. दोन पावसाळे मी त्या यंत्राला शिव्या देत होतो आणि उपाय दोन बांबूंचा होता.

देवाशी माझं नातं त्या आधी सणावारापुरतं होतं. त्या दिवसांत मी खरंच मागितलं. लाज सोडून, नाव घेऊन, एका गायीसाठी मागितलं.

तेराव्या दिवशी चाचा आले नाहीत. सात वाजले, साडेसात झाले. मी व्हरांड्यात उभा राहून म्हणत राहिलो. एकदा, दोनदा, पाचदा. यंत्र कोपऱ्यात तसंच होतं. माझा आवाज फुटायला लागला. बायको शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही म्हणायला लागली. वाईट बातमी असेल तर त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

दहाच्या सुमारास ते फाटकातून आले. धोतर चिखलाने आणि रक्ताने भरलेलं, हातात पितळी लोटा. "बछिया भइल," ते म्हणाले. "खड़ी हो गई। दूध पी रही है।" लोट्यात पहिल्या दुधाचा चीक होता. बायकोने तो दोन्ही हातांनी घेतला. मला वाकता येत नव्हतं, नाहीतर मीच त्यांच्या पाया पडलो असतो. मी भिंतीला धरून उभ्या उभ्या रडलो. त्या दिवशी आम्ही खरवस केला आणि पहिली वाटी चाचांच्या घरी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा यंत्राचा खडखडाट. मी बाहेर आलो. चाचा नेहमीसारखे भिंतीकडून पहिली पट्टी कापत होते.

मी म्हटलं, "चाचा, अब किसलिए? बछिया तो हो गई। पाठ पूरा हुआ। अब मैं धीरे-धीरे खुद काट लूँगा।"

ते थांबले नाहीत. पट्टी संपवून, यंत्र वळवून माझ्यासमोर आले तेव्हा बोलले.

"आप हमरे गइया खातिर पाठ किए। अब आपके पीठ खातिर हम का करें? हमके पाठ त आवे नाहीं, साहेब। घास काटे आवेला।"